बॉम्बे टॉकीज : मालाडच्या आवाजाची वीस वर्षे

बॉम्बे टॉकीज ही चित्रपट कंपनी १९३४ साली मालाडमध्ये उभी राहिली आणि १९५४ साली तिचा शेवटचा चित्रपट पडद्यावर आला. या वीस वर्षांत तिच्या ध्वनिमुद्रण कक्षातून हिंदी चित्रसंगीताचा मोठा ऐवज बाहेर पडला. सरस्वती देवींच्या चाली, 'किस्मत'ची गाणी, किशोरकुमारचे पहिले पार्श्वगायन आणि लता मंगेशकरांचे 'महल'मधले गीत या सगळ्यांचा पत्ता एकच होता. तरीही या स्टुडिओचे भवितव्य कधीच निश्चित नव्हते. दर चार-पाच वर्षांनी त्याची मालकी, माणसे किंवा पैसा यांपैकी काहीतरी निसटत गेले आणि शेवटी हाती उरली ती जमीन.

ही जमीन फ्रामरोझ एदलजी दिनशा या पारशी वकील-वित्तव्यावसायिकाची. मालाड-गोरेगावच्या पट्ट्यात त्यांची मोठी मालमत्ता होती आणि मालाडला उन्हाळ्यात राहण्यासाठी प्रशस्त बंगला होता. तो बंगला आणि भोवतालचे आवार स्टुडिओला मिळाले. मालाड तेव्हा मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेरचे, उपनगर जिल्ह्यातले गाव होते. मुंबईची हद्द तिथवर पोचली १९५७ साली, म्हणजे स्टुडिओ बंद पडल्यानंतर. पण चर्चगेट ते बोरिवली विजेची गाडी १९२८ सालीच धावू लागली होती. बोलपटाला हवी असते शांतता आणि नटांना हवी असते गाडी. मालाडला दोन्ही गोष्टी होत्या.

संस्थापक हिमांशु राय हे मूळचे बंगाली. जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांच्याबरोबर त्यांनी 'लाइट ऑफ एशिया' (१९२५), 'शिराझ' आणि 'अ थ्रो ऑफ डाइस' हे मूकपट काढले, आणि १९३३ साली पत्नी देविका राणी यांना घेऊन इंग्रजी व हिंदी अशा दोन्ही भाषांत 'कर्मा' केला. परदेशी पैशावर चित्रपट काढण्याचे दिवस संपले आहेत हे ओळखून त्यांनी मुंबईत भागभांडवलाची रीतसर मर्यादित कंपनी काढली. अधिकृत भांडवल २५ लाख रुपये. संचालक मंडळावर दिनशांबरोबर सर कावसजी जहांगीर, सर चिमणलाल सेटलवाड, सर फिरोज सेठना अशी वजनदार नावे होती. सिनेमाच्या धंद्याकडे तेव्हाची सभ्य माणसे नाक मुरडूनच पाहत. अशा काळात ही नावे म्हणजे कंपनीचे निम्मे भांडवलच होते.

कॅमेरामन योझेफ विर्शिंग आणि इतर काही तंत्रज्ञ जर्मनीहून आले. ध्वनिविभागात हार्टली हे इंग्रज तंत्रज्ञ आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले सावक वाचा. वाचांचे साहाय्यक म्हणून शशधर मुखर्जी नावाचा एक तरुण लागला. त्याचे मेहुणे कुमुदलाल गांगुली प्रयोगशाळेत फिल्म धुण्याच्या कामावर होते. हेच पुढे अशोककुमार झाले. नट, लेखक, वादक, सुतार सगळेच महिन्याच्या पगारावर होते आणि एकाच उपाहारगृहात, जातपात न पाहता, एका पंक्तीला जेवत. पुण्यातल्या प्रभात फिल्म कंपनीचीही घडी अशीच होती.

संगीत विभागाची सूत्रे एका स्त्रीकडे होती, आणि त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती. खुर्शीद होमजी या पारशी घराण्यातल्या. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या परंपरेत त्यांनी रागसंगीताची तालीम घेतली होती आणि बहिणींसह मुंबईच्या नभोवाणीवर त्या गात असत. 'जवानी की हवा' (१९३५) या कंपनीच्या पहिल्याच चित्रपटासाठी राय यांनी त्यांना संगीताला आणि बहीण माणेक यांना अभिनयाला घेतले, तेव्हा पारशी समाजात केवढा तरी गहजब झाला. आपल्या मुली सिनेमात जातात म्हणून निषेध झाले. संचालक मंडळावरचे पारशी सदस्यही कात्रीत सापडले. तडजोड म्हणून नावे बदलली. खुर्शीद झाल्या सरस्वती देवी आणि माणेक झाल्या चंद्रप्रभा. या चित्रपटाच्या वेळी चंद्रप्रभा यांचा घसा बसला आणि पडद्यामागून सरस्वती देवींनीच गाऊन वेळ निभावून नेली, असे सांगतात. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने त्याच वर्षी 'धूप छाँव'मध्ये पार्श्वगायनाची पद्धत ठरवून वापरली. मालाडला ती अडचणीतून सुचली, इतकाच फरक.

तरी आणखी काही वर्षे नटांनी स्वतः गाण्याचाच रिवाज होता. 'अछूत कन्या' (१९३६) मध्ये अशोककुमार आणि देविका राणी दोघेही स्वतः गायले. दोघांपैकी कोणीही गाणारे नव्हते. सरस्वती देवींनी त्यांच्या गळ्याला झेपतील अशा छोट्या, सरळ चाली बांधल्या, आणि त्या साधेपणामुळेच ती गाणी घरोघर पोचली. शास्त्रोक्त तालीम झालेल्या संगीतकाराने तानांचा मोह आवरून बिनगाणाऱ्या माणसाला गाते करणे हे काम दिसते तितके सोपे नाही. चित्रसंगीताच्या इतिहासात सरस्वती देवींना मिळायला हवे तेवढे श्रेय अजूनही मिळालेले नाही.

त्या काळच्या ध्वनिमुद्रणाची रीत समजल्याशिवाय या कामाची किंमत कळत नाही. चुंबकीय फीत अजून आली नव्हती. आवाजाचे रूपांतर प्रकाशात होई आणि तो प्रकाश फिल्मच्या कडेच्या पट्टीवर उमटे. ती फिल्म प्रयोगशाळेत धुऊन आल्याशिवाय काय मुद्रित झाले ते ऐकता येत नसे. मध्ये एखादा वादक चुकला तर गाणे पहिल्यापासून; तुकडे जोडण्याची, दुरुस्ती करण्याची सोय नाही. मायक्रोफोन एखाद-दुसरा. आवाजांचा समतोल बटणे फिरवून नव्हे, तर माणसे हलवून साधावा लागे. बासरीवाला जवळ, तबला मागे, व्हायोलिने बाजूला, आणि गायक मायक्रोफोनसमोर मोजून ठरवलेल्या अंतरावर. चित्रीकरण करतानाच गाणे मुद्रित करायचे असेल, तर वादकांना झाडाआड किंवा नेपथ्यामागे लपवून बसवत. ध्वनिमुद्रकाचा कान हीच मुख्य सामग्री होती, आणि सावक वाचांचा कान तयार होता.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि ऑस्टेन, विर्शिंग यांच्यासह जर्मन मंडळींना इंग्रज सरकारने शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अटक केली. कंपनीचा कणाच मोडावा अशी ही घटना. पण हाताखालची देशी माणसे एव्हाना तयार झाली होती आणि काम थांबले नाही. त्याच वर्षीच्या 'कंगन'मधून कवी प्रदीप गीतकार म्हणून आले आणि लीला चिटणीस नायिका म्हणून. 'कंगन', 'बंधन' आणि 'झूला' या तीन चित्रपटांनी अशोककुमार-लीला चिटणीस ही जोडी देशभर पोचवली. मराठी रंगभूमीवरून आलेल्या लीलाबाईंनी पुढे 'चंदेरी दुनियेत' या आत्मचरित्रात या दिवसांबद्दल लिहिले आहे.

मे १९४० मध्ये हिमांशु राय वारले. कंपनीची सूत्रे देविका राणींकडे आली आणि स्टुडिओत दोन तट पडले. एका बाजूला शशधर मुखर्जी, दुसऱ्या बाजूला दिग्दर्शक अमिय चक्रवर्ती. दोघांनी आळीपाळीने चित्रपट काढायचे अशी व्यवस्था झाली. ती टिकणार नव्हतीच. गंमत म्हणजे याच भांडणाच्या दिवसांत स्टुडिओचे सर्वांत मोठे यश जन्माला आले. ज्ञान मुखर्जी दिग्दर्शित 'किस्मत' (१९४३) कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. संगीत अनिल विश्वास यांचे, गीते प्रदीप यांची, आणि विजापूरच्या अमीरबाई कर्नाटकी यांचा आवाज. परक्यांना देशाबाहेर हाकलण्याचे आवाहन करणारे त्यातले गीत सेन्सॉरमधून सुटले, कारण त्यात नाव जर्मन-जपान्यांचे होते. लोकांना काय समजायचे ते समजले, आणि थोड्याच दिवसांत सरकारलाही. प्रदीप यांना काही काळ भूमिगत व्हावे लागले.

'किस्मत'च्या वर्षीच शशधर मुखर्जी, अशोककुमार, ज्ञान मुखर्जी आणि रायबहादुर चुनीलाल बाहेर पडले आणि त्यांनी एकच स्टेशन अलीकडे, गोरेगावला, फिल्मिस्तान काढले. मालाडला राहिलेल्या देविका राणींनी हार मानली नाही. त्यांनी युसुफ खान नावाच्या तरुणाला पगारावर घेऊन दिलीपकुमार हे नाव दिले आणि 'ज्वार भाटा' (१९४४) काढला. 'हमारी बात' (१९४३) या त्यांच्या स्वतःच्या शेवटच्या चित्रपटात छोट्या भूमिकेत राज कपूर होते. पण १९४५ साली रशियन चित्रकार स्वेतोस्लाव्ह रोरिक यांच्याशी विवाह करून त्यांनी चित्रपट सोडला आणि आपले भागही विकले. पुढे अशोककुमार आणि सावक वाचा परत आले व त्यांनी कंपनी चालवायला घेतली. प्रयोगशाळेतला कामगार आणि ध्वनिमुद्रक आता मालक झाले होते.

फाळणीच्या काळात स्टुडिओतल्या मोठ्या जागांवर अनेक मुसलमान होते: नझीर अजमेरी, शाहिद लतीफ, इस्मत चुगताई, कमाल अमरोही, संगीतकार गुलाम हैदर. त्यांना काढा, नाहीतर स्टुडिओ जाळू, अशा धमक्यांची निनावी पत्रे येत. अशोककुमार आणि वाचा यांनी त्यांना दाद दिली नाही. काही महिने तिथे काम करणाऱ्या लेखक सआदत हसन मंटो यांनी या अस्वस्थतेबद्दल लिहून ठेवले आहे. जानेवारी १९४८ मध्ये ते पाकिस्तानात गेले.

नेमक्या याच डळमळीत दिवसांत मालाडच्या ध्वनिमुद्रण कक्षाने सगळ्यात मोलाचे काम केले. त्याची सुरुवात गोरेगावच्या फलाटावर झाली. गुलाम हैदर यांनी 'शहीद'साठी लता मंगेशकर नावाची मराठी मुलगी फिल्मिस्तानमध्ये शशधर मुखर्जींना ऐकवली. मुखर्जींना तो आवाज फार पातळ वाटला. मालाडच्याच ध्वनिविभागात कान तयार केलेल्या माणसाने हा निकाल द्यावा, याला काय म्हणावे! चिडलेले हैदर लतादीदींना घेऊन गोरेगाव स्टेशनवर आले. गाडीची वाट पाहताना ५५५ सिगारेटच्या डब्यावर ठेका धरून त्यांनी चाल म्हणायला लावली, आणि तिथून दोघे मालाडला गेले, अशी आठवण लतादीदी सांगत. बॉम्बे टॉकीजच्या 'मजबूर' (१९४८) मध्ये ते गाणे आले आणि त्यांच्या नावाची चर्चा सुरू झाली.

दुसरी आठवण त्याच लोकल गाडीतली. संगीतकार खेमचंद प्रकाश यांच्याकडे ध्वनिमुद्रणासाठी लतादीदी ग्रँट रोडहून मालाडला निघाल्या होत्या. महालक्ष्मीला एक तरुण डब्यात चढला; अंगात कुर्ता-पायजमा, गळ्याला मफलर, हातात काठी. मालाडला तोही उतरला. त्यांनी टांगा केला, तर त्याचा टांगा मागोमाग. टांगा स्टुडिओच्या फाटकात शिरला, तर तोही आत. घाबरून त्यांनी खेमचंदजींकडे तक्रार केली, आणि खेमचंदजी हसत सुटले. तो अशोककुमारचा धाकटा भाऊ किशोर होता. 'जिद्दी' (१९४८) मध्ये दोघांचे पहिले युगुलगीत मुद्रित झाले. किशोरकुमारच्या पार्श्वगायनाची सुरुवातही याच चित्रपटातली.

त्यानंतर आला 'महल' (१९४९). कमाल अमरोहींचे हे पहिले दिग्दर्शन, छायाचित्रण नजरकैदेतून सुटून परतलेल्या विर्शिंग यांचे. जुन्या हवेलीत दुरून कोणीतरी गात येते आहे आणि आवाज हळूहळू जवळ येतो, असा परिणाम गाण्याच्या सुरुवातीला हवा होता. आज हे काम कळ दाबून होते. तेव्हा मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला आणि लतादीदी दूरवरून गात, एकेक पाऊल टाकत त्याच्याकडे आल्या. ओळ संपताना त्या मायक्रोफोनपाशी पोचल्या पाहिजेत, पावलांचा आवाज येता कामा नये आणि वाद्यमेळाने नेमक्या क्षणी सूर धरला पाहिजे. यातले एक जरी चुकले तरी पुन्हा खोलीच्या टोकाला जायचे. हे अनेकदा करावे लागले. ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव छापले गेले ते कामिनी, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे. गायिका कोण, हे विचारणारी पत्रे रेडिओकडे आली आणि नाव जाहीर करावे लागले. पार्श्वगायकांना नाव मिळू लागले, त्यात या गाण्याचा वाटा मोठा आहे. खेमचंद प्रकाश यांना ही कीर्ती फार काळ पाहता आली नाही. १९५० साली ते गेले.

'महल' तुफान चालला, पण स्टुडिओ तरला नाही. युद्धकाळात काळ्या बाजाराचा पैसा सिनेमात आला आणि स्टुडिओ नसलेला निर्माताही कोणत्याही नटाला एका चित्रपटासाठी भरभक्कम रक्कम देऊ लागला. महिन्याच्या पगारावर मग कोण राहील? अशोककुमारही बाहेरचे चित्रपट करत होते. स्टुडिओला मात्र चित्रपट असो वा नसो, दर महिन्याला पगार द्यावाच लागे. पार्श्वगायनामुळे गायक सुटे झाले, वादकही रोजावर काम करू लागले, आणि गाण्यांचे मुद्रण ताडदेवचे फेमस, परळचे राजकमल अशा शहरातल्या थिएटरांत एकवटत गेले. मिनू कत्रक आणि मंगेश देसाई यांच्यासारख्या ध्वनिमुद्रकांची नावे झाली ती तिथे. वादक शहरात दिवसाला दोन-दोन ठिकाणी वाजवू शकत. मालाडला गेले की दिवस संपला. ज्या अंतराने १९३४ साली शांतता दिली होती, तेच अंतर आता आड आले.

'मशाल', 'संग्राम', 'माँ', 'तमाशा' हे चित्रपट निघाले, पण कर्ज आणि थकलेले पगार वाढतच गेले. शेवटी कामगारांनीच सहकारी संस्था काढली आणि स्टुडिओ वाचवण्यासाठी फणी मजुमदार यांच्या दिग्दर्शनाखाली 'बादबान' (१९५४) केला. अशोककुमार, देव आनंद, मीनाकुमारी आणि उषा किरण असे नामवंत कलावंत त्यात होते. चित्रपट पूर्ण झाला, प्रदर्शितही झाला. स्टुडिओ मात्र बंद झाला.

इथे प्रभातशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. दोन्ही कंपन्या एकाच दशकात बहरल्या, भागीदारांच्या भांडणात खिळखिळ्या झाल्या आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी मोडल्या. पण पुण्यातली प्रभातची जागा सरकारने घेतली आणि १९६० साली तिथे फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाले. मालाडचे आवार घ्यायला कोणतीही संस्था पुढे आली नाही. तिथे लहान कारखाने, वर्कशॉप, गोदामे आली. मुंबई वाढली, मालाड महापालिकेत आले, भोवती बाजार आणि वस्ती दाटली. जुन्या इमारतींचे पडके अवशेष कारखान्यांच्या गर्दीत राहिले. आवाराला लोक आजही बॉम्बे टॉकीज कंपाउंड म्हणतात आणि मालाड पश्चिमेला हिमांशु राय यांच्या नावाचा रस्ता आहे. स्मारक म्हणावे असे एवढेच. जागेचे काय करावे याची चर्चा अधूनमधून उठते आणि विरते.

मालाडहून फुटलेल्या शाखांचे आणि मुंबईतल्या इतर स्टुडिओंचेही दिवस फिरले. फिल्मिस्तानने सी. रामचंद्र यांच्या संगीताचे 'शहनाई' आणि 'अनारकली', हेमंतकुमारांचे 'नागिन' दिले. १९५० च्या दशकात ते तोलाराम जालान यांच्याकडे गेले, आणि शशधर मुखर्जींनी बाहेर पडून अंधेरीच्या आंबोलीत फिल्मालय काढले. कमाल अमरोहींनी अंधेरी-जोगेश्वरीच्या बाजूला कमालिस्तान उभारले. राज कपूर यांचा चेंबूरचा आर. के. स्टुडिओ १९४८ चा. सप्टेंबर २०१७ मध्ये त्याचा मोठा भाग आगीत जळाला आणि २०१९ साली गोदरेज प्रॉपर्टीजने ती जागा विकत घेतली. अंधेरीचे प्रकाश आणि 'मुगल-ए-आझम'चा शीशमहाल जिथे उभा राहिला ते मोहन हे स्टुडिओ त्याआधीच इमारतींखाली गेले होते. वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ १९५४ पासून उभा आहे. १९७० नंतर मोठ्या वाद्यवृंदाची कित्येक गाणी तिथल्या मुद्रणकक्षात झाली. संगणकावर वाद्ये तयार होऊ लागली तशी शंभर वादकांच्या खोलीची गरज सरली आणि जुहू-अंधेरीच्या फ्लॅटांतून छोटे स्टुडिओ निघाले.

जुलै २०२५ मध्ये फिल्मिस्तानही विकले गेले. गोरेगावच्या स्वामी विवेकानंद मार्गावरची सुमारे चार एकर जागा आर्केड डेव्हलपर्सने १८३ कोटी रुपयांना घेतली आणि तिथे उंच निवासी मनोरे बांधण्याची योजना जाहीर केली. चित्रपट कामगारांच्या संघटनेने विरोध नोंदवला, कारण दूरदर्शन मालिकांच्या चित्रीकरणावर पोट असलेली बरीच माणसे तिथे काम करत होती.

बॉम्बे टॉकीजचे कागदपत्र आणि छायाचित्रे मालाडला राहिली नाहीत. हिमांशु राय यांच्या कुटुंबाने जपलेला संग्रह ऑस्ट्रेलियात मेलबर्नला पोचला आणि २०१७ साली तिथे त्याचे प्रदर्शन झाले. विर्शिंग यांनी टिपलेली स्टुडिओतली छायाचित्रे त्यांच्या नातवंडांकडे होती. तीही त्याच वर्षी गोव्यात मांडली गेली.